काटापट्टी, जेसन आणि गेटवरचा पडदा: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

हिंगणघाट तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा कापूस खरेदीचा प्रोग्राम सांभाळायला घेतलाय. आतापर्यंत त्याचं काम सरळ होतं. भरलेली गाडी काट्यावर आली, कापूस खाली करून रिकामी परत तोलली, ओलावा पाहिला, की पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात. पान पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) बनवायचं, प्रिंटर छापायचा. या हंगामात दोन मागण्या वाढल्या. गेटवर टीव्ही लावायचाय, म्हणजे कोणाचा नंबर लागला ते चहाच्या टपरीवर बसूनही दिसेल. आणि मुनीमजींना दिवसभराच्या पट्ट्या मोबाइलवर पाहिजेत. दोन्हीकडे डेटा जेसनमधूनच (JSON: नाव-किंमत जोड्या आणि याद्या साध्या मजकुरात लिहायची पद्धत) जाणार.

आधीच्या माणसानं कोड चांगला लिहिलाय. प्रत्येक गोष्टीचा एक क्लास (साचा), त्यावरून बनलेला तो ऑब्जेक्ट, त्यातला एकेक रकाना म्हणजे प्रॉपर्टी. ‘पट्टी’च्या पोटात ‘शेतकरी’, ‘तपासणी’ आणि ‘मापसंच’. मापसंचात एकेक ‘माप’. शेतकऱ्याच्या पोटात ‘बँकखाते’. क्लासची आणि प्रॉपर्टीची नावं चक्क देवनागरीत. पीएचपीला नावातली देवनागरी अक्षरं चालतात, फार कोणी वापरत नाही एवढंच. सगळ्या प्रॉपर्टी प्रायव्हेट (क्लासच्या बाहेरून वाचता-बदलता न येणाऱ्या; पब्लिक म्हणजे उघड्या), आणि त्यामागे कारण आहे: रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्यापेक्षा जास्त देऊ गेलं तर कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारी मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन) तिथंच अडवतो.

पट्टीचा ऑब्जेक्ट जसाच्या तसा जेसन_एन्कोडला (पीएचपीचं जेसन बनवणारं फंक्शन) दिला. उत्तर: {}. ना एरर, ना वॉर्निंग. काट्यावरचा पोरगा मागं उभा होता. म्हणाला, “साहेब, यात तं काहीच नाही दिसून राह्यलं.”

पट्टीच्या प्रॉपर्टी तात्पुरत्या पब्लिक करून पाहिल्या, तर {"शेतकरी":{},"तपासणी":{},"मापे":{}}. वरचा पदर उघडला, आत पुन्हा कोरं.

नियम असा: ऑब्जेक्टच्या फक्त पब्लिक प्रॉपर्टी जेसनमध्ये जातात, आणि आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टला हाच नियम नव्यानं लागतो. व्हार_डंप आणि प्रिंट_आर ही डोळ्यानं पाहायला छापून दाखवणारी फंक्शनं मात्र प्रायव्हेटसकट सगळं दाखवतात, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो: डेटा तर समोर दिसतोय, मग गेला कुठं? अजून एक समज बऱ्याच जणांचा असतो, की क्लासच्या आतून, स्वतःच्या मेथडमधून जेसन_एन्कोड बोलावलं तर प्रायव्हेटही येईल. येत नाही. हे फंक्शन आपल्याला कुठून बोलावलं ते पाहतच नाही. प्रायव्हेट आणि प्रोटेक्टेड (क्लास आणि त्यावरून वाढवलेल्या क्लासनाच दिसणाऱ्या) दोन्ही सरळ वगळतं.

५ नोव्हेंबर

पर्याय एकेक करून पाहिले.

सगळं पब्लिक करणं: नाही. वजनाची तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये आहे, पण पब्लिक केल्यावर पुढे कोणीही कुठूनही वजन बदलू शकतं. कापसाच्या व्यवहारात वजनावरून भांडणं होतात. ती जागा उघडी ठेवणार नाही.

ऑब्जेक्टला अ‍ॅरेमध्ये कास्ट करणं, म्हणजे रूप बदलून अ‍ॅरे (क्रमांक किंवा नाव, म्हणजे ‘की’, लावून ठेवलेल्या किंमती) करून घेणं: हा उपाय वरवर चालल्यासारखा दिसतो, म्हणून जास्त धोक्याचा. कास्ट केल्यावर प्रायव्हेट प्रॉपर्टी अ‍ॅरेमध्ये येतात खऱ्या, पण कीचं नाव बदलतं. पुढे एक शून्य बाइट, मग क्लासचं नाव, पुन्हा शून्य बाइट, आणि मग मूळ नाव. प्रोटेक्टेड असेल तर क्लासच्या नावाऐवजी तारा. तो अ‍ॅरे छापून पाहिला तर शून्य बाइट डोळ्याला दिसत नाही. जेसनमध्ये मात्र तो एस्केप होऊन (खुणेच्या अक्षरांत) उतरतो, आणि अ‍ॅपनं ‘शेतकरी’ मागितलं तर त्या नावाची की सापडतच नाही. हेच जेसन पीएचपीत परत ऑब्जेक्ट म्हणून वाचू गेलं तर प्रॉपर्टीचं नाव अवैध म्हणून नकार मिळतो. शिवाय कास्ट एकाच थराचा असतो. आतला शेतकरी ऑब्जेक्टच राहतो आणि {} होऊनच बाहेर येतो.

रिफ्लेक्शन (चालू प्रोग्राममधून क्लासच्या आतलं तपासायची सोय): सगळं वाचता येतं. पीएचपी ८.१ पासून तर सेटअ‍ॅक्सेसिबल बोलवायचीही गरज नाही. पण क्लासच्या मालकाला न विचारता त्याच्या पोटातलं काढायचं हे साधन आहे. टेस्टमध्ये किंवा डीबगरमध्ये ठीक. बाहेर जाणाऱ्या डेटासाठी मला नको.

गेट_ऑब्जेक्ट_व्हार्स (ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टींचा अ‍ॅरे देणारं फंक्शन): हे मात्र कुठून बोलावलं ते पाहतं. बाहेरून बोलावलं तर पब्लिकच, क्लासच्या आतून बोलावलं तर प्रायव्हेटही. तेही एकाच थराचं.

उरला जेसनसीरियलायझेबल इंटरफेस (क्लासनं कोणती मेथड द्यायची त्याचा करार). पीएचपी ५.४ मध्ये, म्हणजे २०१२ साली आलेला. क्लासमध्ये जेसनसीरियलाइज नावाची एक मेथड लिहायची. ती जे परत देईल ते त्या ऑब्जेक्टचं जेसन. ह्यानं सुरुवात करतो.

६ नोव्हेंबर

दुपारनंतर काम नाही. सकाळी दवामुळं कापसात ओलावा जास्त येतो, म्हणून लोक ऊन चढल्यावरच गाड्या जुंपतात आणि दोन वाजल्यापासून गेटवर गर्दी. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांत लागतो, इथंही तीच रेघ धरलीय. १२ च्या वर गेलेली एक ट्रॉली परत पाठवली, त्यावरून तासभर वाद चालला. सर्व्हरही त्याच खोलीत.

८ नोव्हेंबर

सहाही क्लासमध्ये इंटरफेस लावला. मेथडमधून साधा अ‍ॅरे परत द्यायचा, आणि त्यात आतले ऑब्जेक्ट जसे आहेत तसेच ठेवायचे. पट्टीच्या मेथडमध्ये ‘शेतकरी’ या कीसमोर शेतकऱ्याचा ऑब्जेक्ट ठेवला, बस. आत उतरायचं काम जेसन_एन्कोड स्वतःच करतं: परत मिळालेल्या अ‍ॅरेमध्ये ऑब्जेक्ट दिसला की त्याच्या मेथडला विचारतं, तिच्या उत्तरात पुन्हा ऑब्जेक्ट असेल तर त्याला. किती थर आहेत ते आपल्याला मोजावं लागत नाही.

इथं एक गोष्ट हमखास होते, ती मदतीला असलेल्या कॉलेजच्या पोराच्या कोडमध्ये दिसली. त्यानं शेतकऱ्याच्या मेथडमधून अ‍ॅरेऐवजी जेसन_एन्कोड केलेली स्ट्रिंग (नुसता मजकूर) परत दिली होती. मग बाहेरच्या जेसनमध्ये शेतकरी हा ऑब्जेक्ट न राहता एक लांबलचक स्ट्रिंग होतो, आतल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ. अ‍ॅपला ते दोनदा उलगडावं लागतं. त्याला म्हटलं, मेथडचं नाव फसवं आहे; जेसन तिनं बनवायचंच नाही, जेसन होण्याजोगं काहीतरी हातात द्यायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. ८.१ पासून या मेथडच्या परताव्याचा प्रकार (‘मिक्स्ड’ म्हणजे काहीही, किंवा त्याहून नेमका) जाहीर केलेला नसेल तर डेप्रिकेटेडचा, म्हणजे ही पद्धत पुढे बंद होणार असा, इशारा येतो. इशाऱ्यानं काही अडत नाही, पण इथल्या मशीनवर एरर स्क्रीनवर दाखवायची सेटिंग चालू होती. मग इशाऱ्याचं वाक्य आधी छापलं जातं, त्याच्या मागून जेसन. अ‍ॅप पहिल्याच अक्षराला अडखळतं आणि ‘जेसन अवैध’ म्हणतं. सर्व्हरवर जेसन तपासायला जावं तर ते बरोबरच. परताव्याचा प्रकार लिहिला आणि एरर फाइलमध्ये वळवल्या. जेसन देणाऱ्या सर्व्हरवर ती सेटिंग चालू ठेवायचीच नाही.

११ नोव्हेंबर

मापसंचाचं प्रकरण. एका पट्टीवर दोन-तीन मापं असू शकतात: ट्रॅक्टरची ट्रॉली आधी, मागून भावाचा छोटा हत्ती, कधी उरलेल्या कापसाची बंडी. मापसंच या सगळ्यांना एका प्रायव्हेट अ‍ॅरेमध्ये सांभाळतो. त्याच्यावर फॉरईच (एकेक करून फिरणं) चालतं, काउंट (मोजणी) चालतं, म्हणून तो यादीसारखा वागतो. पण जेसन_एन्कोडला इटरेटरशी (एकेक काढून देणाऱ्या सोयीशी) घेणंदेणं नाही. फॉरईच करता येतं म्हणजे जेसनमध्ये यादी होईल असं काही नाही. इथंही मेथड लिहूनच मापांचा अ‍ॅरे परत द्यावा लागला.

ते झाल्यावर नवं निघालं. काही पट्ट्यांमध्ये ‘मापे’ यादी म्हणून येत होती, काहींमध्ये ऑब्जेक्ट म्हणून. अ‍ॅप दुसऱ्या जातीच्या पट्टीवर बंद पडायचं. दोन्हींत फरक एकच होता: दुसऱ्या प्रकारात एखादं माप रद्द केलेलं. रद्द मापं अ‍ॅरे_फिल्टरनं गाळली जातात, आणि ते फंक्शन जुने क्रमांक तसेच ठेवतं. शून्य, एक, दोन मधला एक गेला की शून्य आणि दोन उरतात. पीएचपीला तो अ‍ॅरेच वाटतो, पण शून्यापासून सलग क्रमांक नसले की जेसन_एन्कोड त्याची यादी करत नाही, क्रमांकांना की बनवून ऑब्जेक्ट करतं. शेवटचंच माप रद्द असेल तर सलगपणा टिकतो आणि सगळं सुरळीत दिसतं. म्हणून ही अडचण कधी दिसायची, कधी नाही. गाळल्यानंतर अ‍ॅरे_व्हॅल्यूज लावलं, संपलं.

याची उलटी बाजूही आहे. नावानिशी ठेवलेल्या कपातींचा (हमाली, तोलाई) अ‍ॅरे रिकामा असला तर तो यादी म्हणून बाहेर येतो, कारण रिकाम्या अ‍ॅरेवरून त्यात नावं होती की क्रमांक हे पीएचपीला कळायला मार्गच नाही. कपाती ऑब्जेक्टमध्ये कास्ट करून पाठवल्या, म्हणजे रिकामं असलं तरी {} राहील. सगळीकडे ऑब्जेक्टची सक्ती करणारा फ्लॅग (जेसन_एन्कोडला द्यायचा पर्याय) आहे, पण त्यानं मापांच्या याद्याही ऑब्जेक्ट होतात.

१३ नोव्हेंबर

तारीख आणि दशांश.

डेटटाइमचा ऑब्जेक्ट सरळ दिला तर जेसनमध्ये तीन गोष्टी येतात: सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंतची तारीख, टाइमझोनचा प्रकार म्हणून एक आकडा आणि टाइमझोनचं नाव. पीएचपीच्या बाहेर कोणालाच हे नको असतं. मेथडमध्येच आयएसओ ८६०१ च्या रूपात फॉरमॅट करून, साडेपाच तासांच्या फरकासह स्ट्रिंग दिली.

ओलावा ८.४ टक्के. पडद्यावर आला ८.४०००००००००००००४. मुनीमजी म्हणाले, “मशीन लय बारीक मोजून राह्यलं बाप्पा.” मशीन बिचारं एकच दशांश देतं. पीएचपी ७.१ पासून जेसनमधले दशांश सीरियलाइज_प्रिसिजन या सेटिंगवर चालतात. तिची नेहमीची किंमत उणे एक, म्हणजे आकडा परत वाचल्यावर तोच राहील इतकेच अंक लिहायचे. इथल्या मशीनवर जुन्या व्हर्जनची पीएचपी.आयएनआय फाइल तशीच पुढे आणलेली, तिच्यात १७. ८.४ बायनरीत नेमका मावत नाही आणि १७ अंक मागितले की ती खोट दिसायला लागते. उणे एक केलं.

त्याच्या उलट, ओलावा बरोबर १०.० असला की जेसनमध्ये नुसता १० जातो. फ्लटरच्या अ‍ॅपमध्ये तो डबल (दशांशी आकडा) म्हणून घ्यायला सांगितलेला, मोबाइलवर डार्टनं (फ्लटरची भाषा) इंट, म्हणजे पूर्णांक, पाहिला आणि एक्सेप्शन (चूक सांगून काम थांबवणं) फेकलं. पूर्णांकापुढचं शून्य राखणारा फ्लॅग आहे, पण मी ओलावा टक्क्याच्या दहाव्या भागात पूर्णांक म्हणून पाठवायचं ठरवलं: ८४, १००, ११६. वजन किलोत पूर्णांक, पैसे पैशात पूर्णांक. २,४३५ किलोचे २४.३५ क्विंटल करायचं काम दाखवणाऱ्याचं. चुकाऱ्याच्या (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांच्या) रकमेत फ्लोट (दशांशी आकडा) मी कुठंच ठेवणार नाही, जेसन असो वा नसो.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार.

प्रत्येक क्लासमध्ये तीच ती मेथड लिहायचा कंटाळा येतो, म्हणून एक ट्रेट (अनेक क्लासमध्ये लावता येणारा मेथडचा गठ्ठा) सुचवला गेला: आत फक्त गेट_ऑब्जेक्ट_व्हार्स, परतावा तोच. ट्रेटमधली मेथड ज्या क्लासमध्ये लावली त्या क्लासचीच असल्यासारखी वागते, त्यामुळं त्याच्या प्रायव्हेट प्रॉपर्टी तिला दिसतात. एका ओळीत काम. दिसायला फारच छान.

टेस्ट सर्व्हरवर लावलं आणि गेटच्या पडद्याला जाणारं जेसन उघडून वाचलं. पडद्यावर नाव, गाडी आणि स्थिती एवढंच दिसत होतं. जेसनमध्ये मात्र शेतकऱ्याच्या पोटातून बँकखाते आणि त्याच्या पोटातून खाते क्रमांक, आयएफएससी, आधारचे अंक, सगळं. पडदा ते दाखवत नाही, पण टीव्ही ज्या वायफायवर आहे त्याच वायफायवर गेटवरची निम्मी पोरं असतात. पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की पूर्ण यादी. पाव्हण्याला प्यायला पाणी द्यायचं म्हणून घराच्या तिजोरीपर्यंतची सगळी दारं उघडी ठेवावीत, तसा प्रकार.

कंपनीचे एक संचालक काकाजी तिथंच होते. त्यांना तांत्रिक काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की खाते क्रमांक बाहेर जाऊ शकत होता, आता जाणार नाही. त्यांनी एकच सांगितलं: “टीव्हीवर कोणाचे पैसेही नका दाखवजा. कोणाले किती भेटले ते गावाले काऊन माहीत पाहिजे?” रक्कम पडद्याच्या यादीतून काढली. हे आम्हाला सुचलं नव्हतं आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. चुकारा किती झाला हे समजलं की उधारीवाले घरी पोचतात.

तर ट्रेट काढला. जेसनमध्ये काय जाणार ते प्रत्येक ठिकाणी नावानिशी लिहायचं. लिहायला चार ओळी जास्त लागतात. पण उद्या कोणी शेतकऱ्याच्या क्लासमध्ये नवी प्रॉपर्टी घातली तर ती आपोआप बाहेर जाणार नाही. कोणीतरी जाणूनबुजून ती यादीत लिहावी लागेल. ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी जेसनमध्ये कशा आणू’ हा प्रश्न मी ३ तारखेला घेऊन बसलो होतो, आणि त्याची तांत्रिक उत्तरं पाच-सहा आहेत. यातली कोणती प्रॉपर्टी कोणासाठी बाहेर जायला पाहिजे, हे त्यातलं एकही उत्तर सांगत नाही.

ट्रेटला आणखी एक खोट आहे, तीही लिहून ठेवतो. ट्रेट मूळ क्लासमध्ये लावला आणि त्यावरून दुसरा क्लास वाढवला, तर त्या वाढवलेल्या क्लासच्या प्रायव्हेट प्रॉपर्टी त्यात येत नाहीत, कारण मेथड मूळ क्लासच्या हद्दीतून पाहते. उलट बाजूनं, वाढवलेल्या क्लासमध्ये लिहिलेल्या गेट_ऑब्जेक्ट_व्हार्सला मूळ क्लासचं प्रायव्हेट दिसत नाही. दोन्हींत काही सांगितलं जात नाही, प्रॉपर्टी नुसत्या गायब.

खाते क्रमांकावरूनच आठवलं. आकड्यांच्या स्ट्रिंगला आपोआप आकडा करणारा एक फ्लॅग आहे, न्यूमेरिक चेक. कोणीतरी तो ‘वजन स्ट्रिंग म्हणून येतंय’ यावर औषध म्हणून लावून ठेवलेला. तो वजन आणि खाते क्रमांक यांत भेद करत नाही. शून्यानं सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाची पुढची शून्यं त्यानं उडतात. काही बँकांचे क्रमांक तर इतके लांब असतात की आकडा केल्यावर जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे अंक बदलू शकतात, कारण तिथं ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढं पूर्णांक खात्रीचे राहत नाहीत. पैसे दुसऱ्याच्याच खात्यात गेले तर? फ्लॅग काढला, वजन मुळातच इंट केलं. ज्याची बेरीज कधी करायची नाही तो क्रमांक स्ट्रिंगच राहील.

१९ नोव्हेंबर

मुनीमजींच्या अ‍ॅपला ‘या शेतकऱ्याच्या सगळ्या पट्ट्या’ पाहिजे होत्या. शेतकऱ्याच्या मेथडमध्ये पट्ट्या घातल्या. उत्तर पूर्ण कोरं, स्टेटस मात्र २००, म्हणजे ‘सगळं ठीक’.

शेतकऱ्यात पट्ट्या, पट्टीत तोच शेतकरी, त्याच्यात पुन्हा पट्ट्या. जेसन_एन्कोडला ही फेरी ओळखता येते. ते थांबतं आणि फॉल्स परत देतं. फॉल्स छापलं की काहीच छापलं जात नाही. कारण हवं असेल तर जेसन_लास्ट_एरर_एमएसजीला वेगळं विचारावं लागतं, आणि ते कोणी विचारत नाही.

आता सगळीकडे एरर आल्यावर एक्सेप्शन फेकायचा फ्लॅग लावला. पीएचपी ७.३ पासून आहे. तो न लावता जेसन_एन्कोड वापरायचं काही कारण मला आज तरी दिसत नाही.

फेरी तोडली ती अशी: पट्टीतून शेतकरी पूर्ण जात नाही, त्याचा सभासद क्रमांक आणि नाव तेवढं जातं.

२२ नोव्हेंबर

फ्लॅग लावल्याचा फायदा लगेच दिसला. दुपारी ठरावीक पट्ट्यांवर एक्सेप्शन: यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) बिघडलेलं. सगळ्या पट्ट्या लांब नावांच्या.

छोट्या प्रिंटरसाठी शेतकऱ्याचं नाव २० वर कापायची जुनी ओळ आहे, सबस्ट्र वापरून. सबस्ट्र बाइट मोजतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे जोडाक्षरं आणि मात्रा सुट्या करून दहा चिन्हं, तीस बाइट. वीसवर कापलं की सहा चिन्हं पूर्ण आणि सातव्याचे दोन बाइट लोंबकळत. प्रिंटर तिथं काहीतरी डाग छापायचा आणि कोणी लक्ष देत नव्हतं. जेसन मात्र तुटका बाइट चालवून घेत नाही, एका नावापायी पूर्ण यादी अडवतं.

तुटक्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकट टाकून पुढे जाणारा फ्लॅग ७.२ पासून मिळतो. नाही लावला. आपल्या नावात प्रश्नचिन्ह पाहून गेटवर कोण गप्प बसेल? नाव कापायचं काम क्लासमधून काढून प्रिंटरच्या कोडमध्ये नेलं. तिथं एमबी_सबस्ट्रही पुरत नाही. बाइट नाही तुटत, पण ते चिन्हं मोजत असल्यामुळं मात्रा किंवा वेलांटी मागं राहू शकते. इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_सबस्ट्र मात्रेला अक्षरापासून तोडत नाही. ते लावलं.

सोबत देवनागरी एस्केप न करण्याचा फ्लॅगही लावला. नाहीतर प्रत्येक चिन्हाचे सहा बाइट होतात, तीनऐवजी. ‘शेतकरी’ ही एक कीच १८ ऐवजी ३६ बाइट, आणि आमच्या तर सगळ्या की मराठीत. अ‍ॅपला दोन्ही चालतं. पण लॉगमध्ये डोळ्यानं वाचताना आता कोणाची पट्टी आहे ते कळतं.

२५ नोव्हेंबर

जेसनसीरियलायझेबल काढून टाकला. सगळ्या क्लासमधून.

इंटरफेसमध्ये दोष नाही. एका ऑब्जेक्टचं जेसन एकच असतं तिथं तो उत्तम. आमच्याकडं पट्टीची रूपं तीन झालीत. गेटला नाव, गाडी, रांगेतला नंबर. मुनीमजींना वजन, ओलावा, कपाती, रक्कम. आणि चुकाऱ्याच्या फाइलला खाते क्रमांकासकट सगळं. जेसनसीरियलाइज मेथडला बाहेरून काही सांगता येत नाही, तिला पॅरामीटरच नाही. ‘आत्ता कोण विचारतंय’ हे कुठंतरी ग्लोबल ठेवून तिच्यात अटी घालायच्या, हा मार्ग एका जुन्या प्रकल्पात पाहिलाय. तिथं शेवटी कोणालाच सांगता येत नव्हतं की कुठून काय बाहेर जातंय.

आता पद्धत अशी. ‘पट्टी’ पूर्वीसारखीच बंद, सगळं प्रायव्हेट. निव्वळ वजन, देय रक्कम अशा मेथडमधून विचारलं तेवढं सांगते. प्रत्येक वाचणाऱ्यासाठी वेगळा छोटा क्लास: ‘पडदापट्टी’, ‘हिशेबपट्टी’, ‘चुकारापट्टी’. त्यांच्यात फक्त पब्लिक रीडओन्ली प्रॉपर्टी, कन्स्ट्रक्टरमध्येच जाहीर केलेल्या, आणि ‘पट्टीवरून’ नावाची एक स्टॅटिक (आधी ऑब्जेक्ट न बनवता बोलावता येणारी) मेथड. या क्लासना जेसन_एन्कोडसमोर काहीच करावं लागत नाही. पब्लिक आहे ते आपसूक जातं, रीडओन्ली असल्यानं मधे कोणी बदलू शकत नाही. कापसाची प्रत (लांब धागा, मध्यम धागा) एनममधून (ठरलेल्या मोजक्या किंमतींचा प्रकार) आहे आणि प्रत्येकाला स्ट्रिंग किंमत दिलीय, त्यामुळं जेसनमध्ये ती किंमत जाते. किंमत नसलेला एनम असता तर एरर आली असती.

कॉलेजच्या पोराचा आक्षेप: क्लास वाढले. वाढले. पण ‘पडदापट्टी’ उघडली की गेटवर काय जातं ते सहा ओळींत समोर आहे, आणि त्याची टेस्टही तेवढीच: कींची यादी ठरलेल्या यादीशी तंतोतंत जुळते का. एक की जास्त झाली तरी टेस्ट लाल.

२८ नोव्हेंबर

पडदा खऱ्या गर्दीत चालवला. दर दहा सेकंदांनी टीव्ही यादी मागतो. मधे लाइन गेली, परत आल्यावर टीव्हीनं आपोआप पुन्हा मागणी सुरू केली. एक आजोबा पडद्याजवळ जाऊन विचारत होते, “माया नंबर कवा लागते इथं?” त्यांना वाचता येत नव्हतं. नंबर लागला की नाव बोलून दाखवायची सोय पाहिजे, हे पुढच्या कामात लिहिलं.

१ डिसेंबर

परतीचा रस्ता. दुसऱ्या गावातल्या फिरत्या काट्यावर नेटवर्क नसतं, तिथं अ‍ॅप मापं साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. म्हणजे आता जेसनवरून ऑब्जेक्ट करायचेत.

जेसन_डीकोड कधीच आपला क्लास बनवून देत नाही. साधा एसटीडीक्लास (पीएचपीचा तयार कोरा क्लास) देतं किंवा मागितला तर अ‍ॅरे. तो अ‍ॅरे रिफ्लेक्शननं प्रायव्हेट प्रॉपर्टींत ओतणाऱ्या लायब्ररी मिळतात, पण कन्स्ट्रक्टरला वळसा घालून ओतलं तर रिकामं वजन जास्त असलेलं माप बिनबोभाट आत येईल. त्यामुळं अ‍ॅरे घ्यायचा, की आहेत का आणि प्रकार बरोबर आहेत का ते पाहायचं, आणि माप त्याच्या कन्स्ट्रक्टरमधूनच बनवायचं. एखादं माप नाकारलं गेलं तर बाकीची अडवायची नाहीत. नाकारलेलं कारणासह अ‍ॅपला परत.

रेंज मधेच तुटली की अ‍ॅप तेच माप पुन्हा पाठवतं. प्रत्येक मापाला अ‍ॅपमध्येच युनिक आयडी दिला, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स. दुसऱ्यांदा आलं तर नवं माप होत नाही, पहिल्याचंच उत्तर जातं.

३ डिसेंबर

पुढचं काम: काट्याच्या मशीनवर पीएचपी ८.१ आहे आणि त्याचे सुरक्षेचे अपडेट ३१ डिसेंबर २०२५ ला बंद होतात. ८.३ वर न्यायचंय, त्याला २०२७ अखेरपर्यंत ते मिळतील. खरेदीची गर्दी चालू असताना मशीनला हात लावणार नाही. दुसऱ्या मशीनवर बसवून, जुन्या पट्ट्यांचं जेसन दोन्हींकडून काढून ओळीला ओळ ताडून पाहायचं आणि मग बदल. पीएचपी.आयएनआय यावेळी कोरी घ्यायची, जुनी उचलायची नाही. ८.२ पासून आख्खा क्लासच रीडओन्ली म्हणता येतो, तेव्हा तिन्ही पट्ट्यांमधला तो शब्द प्रत्येक ओळीवरून काढून एकदाच वर लिहायचा. काकाजींना सांगितलंय, एका रविवारी काटा बंद ठेवावा लागेल.